हाकेला ओ

ती हाक आमच्या कुत्र्याला, कॉफीला, नव्हतीच. सांगलीच्या हरिपूर रस्त्यावर, गाव लागायच्या थोडं अलीकडे, चिंचेच्या सावलीत एक चहाची गाडी लागते. रविवारी सकाळी कॉफीला घेऊन संगमापर्यंत जायचं आणि येताना तिथं अर्धा कप घ्यायचा, हा आमचा तीनेक वर्षांचा नेम. त्या दिवशी गाडीवाल्या आजोबांच्या हाताखालचं पोर ग्लास विसळायचं सोडून नदीच्या अंगाला कुठंतरी रेंगाळलं होतं. आजोबांनी गाळणं हातात धरूनच मान वळवली आणि हाक घातली, ‘बंड्या, ए बंड्याऽऽ!’ शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचावी तशी. शेवटचं अक्षर आधी वर चढलेलं, मग हळूहळू खाली उतरलेलं. पोरगं काही आलं नाही. माझ्या हातातला पट्टा मात्र एकदम ताठ झाला. कॉफी उभा राहिला होता. कान पुढे, पुढचा एक पाय जमिनीपासून वितभर उचललेला, शेपूट थांबलेली. घाबरला की तो शेपूट पोटाखाली घेतो, आनंद झाला की कमरेपासून सगळाच हलतो. हे त्यातलं काहीच नव्हतं. तो आजोबांपर्यंत गेला, आधी त्यांच्या हाताचा वास घेतला, मग धोतराच्या काठाचा, मग मान वर करून चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग परत आला आणि माझ्या पायावर बसला.

नवरा म्हणाला, ‘आवाजाला दचकला असेल. बंड्या काय, गल्लीत दहा असतात.’ खरंच आहे ते. आजोबांनाही त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी कॉफीला पारलेचं बिस्कीट टाकलं आणि पोराला दुसरी, जरा कडक हाक घातली. त्या दुसऱ्या हाकेला कॉफी हलला नाही. मी हे लक्षात ठेवलं, कारण हलला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो नुसता दचकणारा कुत्रा ठरला असता. घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते. तीन वर्षं आपण याला ‘आपण आणलेला’ म्हणतो आहोत, जसा काही तो त्या दिवशीच जन्माला आला होता.

तो आला २०२१ च्या पुरानंतर. आम्ही तोवर गावभागातला वाडा सोडून विश्रामबागेकडे राहायला आलो होतो. २०१९ मध्ये वाड्यात जिन्याच्या आठव्या पायरीपर्यंत पाणी होतं आणि ते उतरल्यावर उरलेला चिखल आम्ही तेरा दिवस खरवडत होतो, त्यानंतर मन राहिलं नाही. सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की एकमेकांची खुशाली नंतर विचारतात, आधी ‘आयर्विनला किती झालं?’ विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं ते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाढ्यासारखं पाठ. त्या जुलैत आकडा ५५ च्या आसपास जाऊन थांबला आणि आम्ही पहिल्यांदाच तो कोरड्या घरात बसून ऐकला. कोरड्या घरात बसून पुराचे आकडे ऐकणं हा एक वेगळाच गुन्हा वाटतो. म्हणून पाणी ओसरायला लागल्यावर लेक आणि मी एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जायला लागलो. तिथं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, होडीतून फिरणाऱ्या पोरांनी छपरांवरून उतरवून आणलेली कुत्री बांधली होती, सात-आठ. एकेकाचे मालक येत होते, रडत होते, घेऊन जात होते. तीन आठवड्यांनी एकटा हा उरला. तपकिरी, छातीवर पांढरा ठिपका, बरगड्या मोजता येतील असा. कुणी म्हणालं, उसाच्या फडाकडच्या एका गोठ्याच्या पत्र्यावर होता, दोन दिवस तरी. गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्यात एक कवडी.

ती कवडी मी तेव्हा नीट बघितली नाही. म्हणजे डोळ्यांनी बघितली. कुणीतरी बाजारातून काळा दोरा आणून, कवडीला भोक पाडून, हे पोर कुणाच्या नजरेला येऊ नये म्हणून बसून गाठ मारली असणार, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला बरगड्या दिसल्या आणि आपण किती चांगले आहोत ते दिसलं. दवाखान्यात दोऱ्याखाली गोचिडांची रांग निघाली, डॉक्टरांनी कात्रीनं दोरा कापला. तो कचऱ्यात जायचा, पण आत्यांनी (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात) हात पुढे केला, कवडी पुसली आणि कनवटीला लावली. ‘कुणाची तरी वस्तू आहे,’ एवढंच म्हणाल्या.

पहिले दिवस दिवाणाखाली गेले. त्याचे, आणि खरं सांगायचं तर माझेही, कारण मी सारखी पालथी पडून खाली बघत असायची. अंधारात दोन डोळे आणि ओल्या गोणपाटासारखा वास. खायला ठेवलेलं तसंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंघोळ घालू नका, डोळ्यांत बघू नका, वरून हात आणून डोक्यावर ठेवू नका, त्याच्याकडे पाठ करून किंवा कुशीवर बसा आणि वाट बघा. ‘तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घर कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला,’ असा एक ढोबळ हिशेब त्यांनी सांगितला आणि वर म्हणाले की हा हिशेब कुत्र्यांनी वाचलेला नसतो. जांभई दिली म्हणजे झोप आली असं नाही, ओठ चाटले म्हणजे भूक लागली असं नाही. ताणात असला की तो हेच करतो. हे कळल्यावर मला आठवलं, मी त्याच्यापुढे वाटी सरकवून ‘अगं बाई, जिभल्या चाटतोय बघा’ म्हणत टाळ्या वाजवल्या होत्या. आत्या यातलं काही करत नव्हत्या. त्या दिवाणावर बसून नेहमीसारखी मेथी निवडायच्या, पोथी वाचायच्या, खाली कुणी आहे हे जणू त्यांना माहीतच नाही. रात्री झोपताना दुधात कुस्करलेली भाकरी दिवाणाच्या पायाशी ठेवायच्या आणि दिवा मालवायच्या. सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख. ‘खातंय की,’ त्या म्हणायच्या. त्या त्याला सुरुवातीपासून ‘ते’ म्हणतात. ‘ते आलंय’, ‘त्याला गरम हुतंय’. लेक चिडायची, आज्जी, तो वस्तू नाही. पण आमच्याकडे ‘ते’ लेकराला म्हणतात, हे तिला कुणी सांगावं.

कुणी बघत असताना न खाणं मला अनोळखी नव्हतं. २०१९ च्या पुरात आम्ही नऊ दिवस नात्यातल्या एकांकडे होतो. त्यांनी इतकं प्रेमानं केलं की आजही डोळे भरून येतात, आणि तरी त्या नऊ दिवसांत आत्यांनी एकदाही फ्रिज उघडला नाही. खुर्चीवर बसायच्या त्या पुढच्या कडेला, उठून जायला लागलं तर पटकन उठता यावं अशा. तहान लागली तरी कुणी स्वयंपाकघरात जाईपर्यंत थांबायच्या. एका रात्री दोन वाजता मला जाग आली तर त्या अंधारात ओट्यापाशी उभ्या होत्या, हातात गार भाताचा घास. मला बघून त्या इतक्या ओशाळल्या की मीच झोपेत असल्यासारखं केलं आणि मागे फिरले. ज्यांनी छप्पर दिलं त्यांच्यासमोर भूक दाखवायची नसते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दिवाणाखालच्यालाही नव्हतं.

नवव्या दिवशी तो नवऱ्याला चावला.

चूक आमची. पाऊस लागला होता, शेजाऱ्यांच्या पत्र्यावर थेंब ताडताड वाजत होते, तो थरथरत दिवाणाच्या पार कोपऱ्यात गेला होता आणि नवऱ्याला वाटलं, बिचाऱ्याला जवळ घ्यावं. हात घालून ओढला. मनगटाच्या वर दोन दात. आत्यांचा हात सवयीनं हळदीच्या डब्याकडे गेला. सांगलीत जखम झाली की हळद हे उत्तर ठरलेलं, आपल्याच मातीतलं. पण चाव्यावर हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, काही लावायचं नाही. वाहत्या नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून बघा एकदा, किती मोठी असतात. नवरा मोरीत उभा, मी साबण लावतेय, दोघंही गप्प, आणि दिवाणाखालून एक बारीक, लांबलेला आवाज. मग सरकारी दवाखाना आणि सुयांचं वेळापत्रक: पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. कुत्र्यावरही दहा दिवस लक्ष ठेवायचं, तो धडधाकट राहतो ना म्हणून. आत्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांच्या तारखा लिहिल्या, नवऱ्याच्या पेननं, कुत्र्याच्या पेन्सिलीनं. सोसायटीत दोघातिघांनी सल्ला दिला की सोडून या, अशी कुत्री माणसाळत नाहीत. त्या दहा दिवसांत मीही दोनदा तसा विचार केला, हे लिहून ठेवते. अकराव्या दिवशी सकाळी तो आपण होऊन बाहेर आला, नवऱ्याच्या पट्टी बांधलेल्या हाताचा वास घेतला आणि जिन्यात जाऊन बसला. तेव्हापासून त्याची जागा तीच, खालून अकरावी पायरी. पाऊस लागला की आणखी वर, गच्चीच्या दारापाशी. मी मनातल्या मनात वाड्याचा जिना आठवते, आठवी पायरी. त्याचा हिशेब आमच्यापेक्षा तीन पायऱ्यांनी जास्त सावध आहे.

नावाचं काम लेकीनं अंगावर घेतलं होतं. तिचं म्हणणं, त्याला आधी काहीतरी नाव असणारच, ते शोधू. पहिल्याच आठवड्यात ती दिवाणापुढे पोटावर पडून एकेक नाव घ्यायची. मोत्या. राजा. टायगर. वाघ्या. टिप्या. शेरू. एकेका नावापुढे वहीत फुली. मला ते फार गोड वाटायचं तेव्हा. शेवटी कंटाळून तिनं रंगावरून कॉफी ठेवलं. दोन महिन्यांत तो कॉफी म्हटलं की यायला लागला, आम्ही फोनवर त्याचं चित्रीकरण केलं, नातेवाइकांना पाठवलं. आत्यांनी मात्र कॉफी कधी म्हटलं नाही. ‘ए’, ‘अरे’, ‘बाळा’, फार तर ‘अहो, सरका की जरा’. मला वाटायचं, इंग्रजी नाव जिभेला जड जात असेल.

हरिपूरहून आल्यावर मी त्यांना बंड्याचं सांगितलं तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. सूप थांबलं नाही. ‘वळून बघितलं?’ म्हणाल्या. हो म्हटलं. ‘बघणारच.’ मग बऱ्याच वेळानं, सूप बाजूला ठेवून, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला ती माहीत नव्हती. त्यांचं लग्न कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यातलं, १९६८ चं. माहेर तासगावच्या बाजूला. तिथलं त्यांचं नाव नदीचं होतं, कृष्णाकाठच्या मुलीला दुसऱ्याच कुठल्या लांबच्या नदीचं. ते इथं लिहीत नाही. ते त्यांचं आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरले, मामंजींनी अंगठीनं त्यात एका देवीचं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. तांदूळ नंतर डब्यात ओतले. ‘आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच भात झाला असंल,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. पुढचे तीन-चार आठवडे घरात कुणी हाक मारली की त्या आपल्या कामात. आपल्याला बोलावतात हे कळायचंच नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, सून बहिरी दिली की काय. मग एक दिवस मामंजींनी मुद्दाम मागे उभं राहून परातीवर पळी वाजवली आणि त्या दचकल्या, तेव्हा बहिरी नाही असं ठरलं. ‘वाईट कुणी नव्हतं गं,’ त्या म्हणाल्या. ‘देवीचंच नाव की. चांगलं म्हणूनच ठेवलं.’

चांगलं म्हणूनच ठेवलं. आम्ही तरी काय वेगळं केलं.

माझ्या लग्नात १९९६ साली नवऱ्यानं तांदळात माझं तेच नाव लिहिलं. त्याचा मला केवढा अभिमान, मैत्रिणींना सांगून झालं. नावाच्या पुढची दोन नावं गेली त्याची कुणी दखल घेतली नाही, मीसुद्धा नाही. बँकेत सही बदलायचा फॉर्म भरताना पेन क्षणभर अडलं होतं एवढंच. तेव्हा आत्या शेजारी उभ्या होत्या. काय वाटलं असेल त्यांना, एक नाव राखून ठेवल्याबद्दल पेढे वाटणारी सून बघून?

त्यांना त्या नदीच्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, आमचे मामा. द्राक्षाची बाग, बेदाण्याची शेड. दरवर्षी मार्च-एप्रिलात नवा बेदाणा घेऊन यायचे, हिरवट पिवळा, लांबट, हाताला चिकटणारा, पिशवी उघडली की घरभर गोड आंबूस वास. गेटातूनच हाक यायची आणि आत्या ‘ओ’ म्हणायच्या. ती ‘ओ’ वेगळी होती. आम्ही हाक मारल्यावर त्या ‘काय गं’ किंवा ‘आले’ म्हणतात. ही नुसती ‘ओ’, चढ्या सुरातली, परकर सावरत धावत येणाऱ्या मुलीची. २०२२ च्या त्या भेटीत कॉफी जिन्यातून उतरला आणि हाकेनंतर आत्यांच्या तोंडाकडे बघत राहिला हे मला स्वच्छ आठवतं. तेव्हा वाटलं पिशवीचा वास आला असेल. तोही आलाच होता म्हणा. कारण त्याच रात्री त्यानं पहिली चोरी केली. सात महिने तो दिल्याशिवाय कशाला तोंड लावत नव्हता. ताटली पुढे ठेवली तरी आधी आमच्या तोंडाकडे बघायचा, मग खायचा, आणि ते बघणं मला आत कुठंतरी टोचायचं. त्या रात्री फडताळातून पिशवी ओढली, फाडली, मूठ-दोन मूठ बेदाणा खाल्ला. आवाजानं उठले तर तो फरशीवर ऐसपैस बसलेला, मला बघून शेपूट आपटली आणि खात राहिला. अर्धा क्षण मला इतका आनंद झाला! पुढच्या अर्ध्या क्षणी आठवलं की द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष. किती खाल्ल्यावर बाधतं याचा नेम नाही, एखाद्याला काही होत नाही, एखाद्याची मूत्रपिंडं चार दाण्यांनी जातात. त्यातल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे संशय आहे. रात्री साडेअकराला डॉक्टरांना उठवलं, त्यांनी उलटी करवली, दोन दिवस सलाईन, रक्ताच्या तपासण्या. वाचला. मामा दवाखान्याबाहेर मोटारसायकलला टेकून उभे, म्हणत होते, ‘आक्का, आयुष्यभर बेदाणाच खाल्ला गं आमच्या कुत्र्यांनी शेडवर, कधी काय झालं न्हाई.’ आणि आत्या त्यांना रागवत होत्या, जुन्या आवाजात, जुन्या नावाच्या. मामा पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. ओळखपत्रांवर देवी आहे.

हरिपूरच्या प्रसंगानंतर चार-पाच दिवसांनी मी एक गोष्ट केली, ती करायला नको होती. सगळे झोपले होते. कॉफी अकराव्या पायरीवर. मी जिन्याखाली उभी राहून हळू आवाजात म्हटलं, बंड्या. काही नाही. मग त्या आजोबांसारखं म्हटलं, शेवटचं अक्षर लांबवून, वर नेऊन खाली आणून, दबक्या आवाजात जमेल तसं. तो उठला. खाली आला, नखांचा टकटक आवाज करत, माझ्याजवळून पुढे गेला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. सरळ दारापाशी जाऊन दाराखालच्या फटीला नाक लावलं. शेपूट दोनदा हलली, सावकाश. मी दार उघडलं, दुसरं काय करणार. बाहेर रस्त्यावरचा पिवळा दिवा, कुणी नाही. तो उंबऱ्यावर उभा राहिला, बाहेर गेला नाही. वीस मिनिटं तरी. मग पायपुसण्यावर आडवा झाला आणि सकाळपर्यंत तिथंच होता, जिन्यात गेला नाही. मीही सोफ्यावर बसून राहिले. हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायचे. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यांची दैना झाली. वर्षानुवर्षं हळद तशीच्या तशी राहायची म्हणतात, त्या मातीचा गुण. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची असते, हे लहानपणी ऐकलेलं त्या रात्री आठवलं. मी नुसतं उघडून बघितलं होतं, आपल्या कुतूहलासाठी. सकाळी त्यानं भाकरी खाल्ली नाही.

दिवाळीत लेक पुण्याहून आली तेव्हा माळा आवरताना तिची ती वही सापडली. एकतीस नावं, एकतीस फुल्या. चोविसावं नाव बंड्या. तिनं ते विचारलं होतं! दिवाणापुढे पडून, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं असणार. आणि त्यानं ओ दिली नव्हती. लेक म्हणाली, ‘म्हणजे ते त्याचं नाव नसेल आई, उगाच काहीतरी धरून बसलीयेस.’ असेलही. किंवा चुकीच्या सुरात म्हटलं असेल. किंवा त्या आठवड्यात, त्या अंधारात, कुणी खुद्द त्याच्या धन्यानं येऊन हाक मारली असती तरी तो ओ देण्याच्या स्थितीत नव्हता. मी तिला परातीवर वाजवलेल्या पळीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ वही मिटून बसली, मग तिनं आज्जीला काही विचारलं नाही याचं मला बरं वाटलं. मलाही एकदा फार वाटलं होतं की आत्यांना त्या नावानं हाक मारून बघावी. नाही मारली. दाराच्या फटीला लावलेलं ते नाक आठवलं.

परवा बँकेतून दुपारीच घरी आले, डोकं दुखत होतं. चप्पल काढताना स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘बंड्या, घे. बंड्या, सावकाश. कोण न्हेत न्हाई तुझ्याफुडनं.’ भाकरीचा खरपूस वास, तव्यावर शेवटची असणार. मी दाराशी थांबले. आत्या पाटावर, कॉफी त्यांच्यासमोर, दोघांमध्ये ताटली. त्याच्या गळ्यात पट्ट्याच्या वर नवा काळा दोरा होता आणि दोऱ्यात ती कवडी. हे कधीपासून चाललंय, मी विचारलं. आत्या दचकल्या नाहीत.

‘पावसाळ्यापासनं. दुपारी कोण नसतंय तवा.’

‘दाराकडे जात नाही?’

‘आधी जायचं. उघडून द्यायचे मी, बघून यायचं, परत बसायचं. आता नाही जात. आता भाकरीकडं बघतंय.’ त्यांनी तवा उतरवला. ‘दोरा चार वाजता काढून ठेवते. तुम्हाला चालंल का न्हाई म्हणून.’

चालेल म्हटलं. पिशवी खाली ठेवली, चहाला आधण टाकलं आणि सवयीनं म्हटलं, ‘कॉफी, ये.’ त्यानं शेपूट एकदा फरशीवर आपटली. उठला नाही. ताटलीत अजून अर्धी भाकरी होती.